पंगतीला बसलेला फितूर

मी त्याला आवाजावरून ओळखलं. चेहरा पार बदलला होता. अंग सुटलं होतं, डोक्यावर केस उरले नव्हते, अंगात इस्त्रीचा पांढरा सदरा होता. पण साखरखेर्ड्याला माझ्या दारात चपला काढता काढता तो "राम राम" म्हणाला आणि पाण्याचा तांब्या माझ्या हातातच राहिला. हा आवाज मी इटलीतल्या युद्धकैद्यांच्या छावणीत रोज सकाळी ऐकला होता. पहारेकऱ्यांची भाषा त्याने लवकर उचलली होती, म्हणून हजेरीला आमची नावं तोच पुकारायचा. सगळे त्याला मुन्शी म्हणत.

तो माझ्या मुलीला पाहायला आला होता. नवरदेवाचा बाप म्हणून, मुलाला बरोबर घेऊन.

महाराष्ट्र राज्य होऊन तेव्हा तीन-चार वर्षं झाली होती. मुलगी लग्नाची होती. मध्यस्थाने सांगितलं होतं, "पोराचा बाप तुमच्यावाणीच फौजेतला. लढाईनंतर तिकडंच जबलपूरकडं नोकरी केली, आता उंद्रीले घर बांधलं." आडनाव असं की आमच्या जिल्ह्यात गावोगाव सापडतं. मला शंका यायचं कारणच नव्हतं. त्यालाही आली नाही; वीस वर्षं लोटली होती आणि माझंही आडनाव तसंच गावोगावचं. छावणीत मी नुसता हाडांचा सापळा होतो आणि दाढी छातीवर आलेली होती. तो माझ्याच घोंगडीवर मांडी घालून बसला आणि पाऊसपाण्याचं विचारू लागला.

मी आणि गावातल्या पिंजाऱ्याचा मुलगा, आम्ही दोघे एकाच दिवशी फौजेत भरती झालो होतो. तो गाद्या भरणाऱ्या घरातला, मी शेतकऱ्याचा. खेचरांच्या तुकडीत आम्हाला घातलं, बोटीने आफ्रिकेत नेलं आणि तिथल्या वाळवंटात आमची अख्खी तुकडी जर्मनांच्या हाती सापडली. तिथून इटली. छावणीत पातळ रस्सा आणि पावाचा एक लहान तुकडा मिळायचा. माणसं गवत उपटून उकडायची.

आम्हाला एका शेतकऱ्याच्या द्राक्षाच्या मळ्यात कामाला नेत. मळ्याला लागून कोरडा नाला होता आणि नाल्यापलीकडे डोंगर, दाट झाडी. दुपारी पहारेकरी पेंगायचा. नाल्यात उतरायचं आणि डोंगर गाठायचा, असं आम्ही ठरवलं. पुढे वाटेत भाषा लागेल म्हणून मुन्शीला बरोबर घेतलं. तो चिखलीकडचा, आपल्या बोलीत बोलणारा. एवढ्या दूर ती बोली ऐकली की माणूस घरातलाच वाटायचा.

ठरल्या दुपारी मुन्शी म्हणाला, पोटात दुखतं, मी मागून येतो. माझा दोस्त पुढे झाला, नाल्यात उतरला. खाली शिपाई आधीच दबा धरून बसले होते. त्याने दोन्ही हात वर केले. तरी त्यांनी गोळी घातली. मी काठावर होतो. मला बंदुकीच्या दस्त्यांनी मारत नेलं आणि अंधारकोठडीत टाकलं. बाहेर आलो तेव्हा मुन्शी माझ्या गळ्यात पडून रडला. मीही त्याला धरून रडलो.

पुढे इटलीने हात टेकले. छावणीचे पहारेकरी अंगावरचे गणवेश काढून पळू लागले. त्यातला एक म्हातारा पहारेकरी माझ्याकडे आला. त्याची भाषा मला येत नव्हती. त्याने एक पाव घेतला, दोन तुकडे केले आणि दोन्ही तुकडे मुन्शीच्या खाटेवर ठेवले. मग नाल्याकडे बोट दाखवलं, छातीवर बंदूक रोखल्यासारखं केलं, आणि मान हलवत निघून गेला.

मी मुन्शीला शोधत धावलो. पण तेवढ्यात जर्मनांच्या गाड्या आल्या आणि छावणीला वेढा पडला. आम्हाला मालगाडीच्या डब्यांत कोंबलं. तो दुसऱ्या डब्यात होता. आमच्या डब्याची एक फळी कुजलेली होती, ती आम्ही नखांनी आणि पट्ट्याच्या बकलांनी उचकटली. चढाला गाडी हळू झाली तेव्हा मी उडी टाकली. पाय मुरगळला. एका मेंढपाळ म्हातारा-म्हातारीने मला हिवाळाभर मेंढ्यांच्या गोठ्यात लपवलं. बर्फ वितळल्यावर डोंगर ओलांडून मी आपल्या फौजेत पोचलो. लोक विचारतात, सुटलो तेव्हा काय वाटलं? खरं सांगतो, एवढंच वाटलं की तो गाडीतच राहिला, माझ्या हातून निसटला.

गावी आल्यावर मी दोस्ताच्या बायकोला सगळं सांगितलं. भाभी रडली नाही. तिने विचारलं, "त्या मुन्शीचं गाव कोन्तं?" तेव्हापासून दर ईदला शिरखुर्मा द्यायला घरी आली की ती दारातच विचारायची, "पत्ता लागला का, भाऊ?" मी चिखली तालुक्यातली कैक गावं पालथी घातली. लागला नाही.

आणि आता तो माझ्या घोंगडीवर बसला होता.

मी आत गेलो. बायकोला म्हटलं, "चहा राहू दे. सयपाक टाक. पाहुणे जेवून जातीन."

"काय झालं? चेहरा काऊन असा झाला तुमचा?"

"सांगतो तसं कर."

मागच्या दाराने मी भाभीच्या घरी गेलो. ती गादी शिवत होती. म्हटलं, "मुन्शी भेटला. माझ्या घरी बसला आहे." तिने सुई गादीत खोचली, हात धुतले आणि ती माझ्या घराकडे निघाली. परत येताना मी गावातली मोठी माणसं जेवायला बोलावली. मला माणसं हवी होती.

पंगत बसली. मी वाढायला उभा राहिलो. मध्यस्थच म्हणाला, "पाहुण्याईले तुमच्या सुटकेची गोठ सांगा ना." मी सांगू लागलो. गावाने ती कैकदा ऐकलेली होती, पण मुलगा मन लावून ऐकत होता. द्राक्षाचा मळा म्हटल्याबरोबर मुन्शीचं चावणं थांबलं. त्याने पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं. मी त्याच्याकडे पाहत पाहतच पुढे सांगत गेलो, अगदी सावकाश. म्हाताऱ्या पहारेकऱ्यापर्यंत आलो तसा मुलगा चिडून म्हणाला, "कोन होता तो हरामखोर?"

मी म्हटलं, "तुह्या उजव्या हाताले बसला आहे."

मुलगा बापाकडे वळला, पण बापाने ताटातून मान वर केली नाही. तेवढ्यात चुलीजवळून भाभी भाकरी घेऊन आली. कोणीतरी पुटपुटलं, पिंजाऱ्याच्या बाईने काऊन वाढायचं. मी त्याच्याकडे पाहिलं तसा तो गप्प झाला. भाभीने मुन्शीच्या ताटात दोन भाकरी ठेवल्या.

"घे. तवाबी डबलच भेटली होती ना तुले?"

मुन्शीने भाकरीला हात लावला नाही. "भूक होती," तो म्हणाला. "सगळ्यालेच होती, पण मले सहन नाई झाली. मले वाटलं, धरून वापस आणतीन. गोळी घालतीन असं नव्हतं वाटलं."

"भूक त्यालेबी होती," भाभी म्हणाली.

तो उठू लागला. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला खाली दाबलं. "ताट टाकून उठायचं नाई. खाय."

त्याने खाल्लं. बाकी कोणी घास उचलला नाही. त्याच्या गळ्याखाली उतरणारा एक एक घास मी पाहिला आणि मला बरं वाटलं. आज सांगतानाही बरं वाटतं.

एवढ्याने माझं भागलं नाही. पुढच्या बाजाराच्या दिवशी मी उंद्रीला गेलो. न्हाव्याच्या दुकानात सांगितलं, चहाच्या हॉटेलात सांगितलं, पारावर सांगितलं. त्याच्या गावाने त्याचा राम राम घेणं सोडलं. त्या मुलासाठी दुसरीकडे बोलणी सुरू झाल्याचं कानावर आलं की मी तिथेही जाऊन सांगून यायचो.

माझ्या मुलीने मुलाला दाराआडून पाहिलं होतं. ती एकदाच म्हणाली, "बाबा, त्या पोराचा काय दोष?"

"काई नाई."

"मंग?"

मी चपला घातल्या आणि शेताकडे निघालो. तिने माझ्याशी बरेच दिवस बोलणं टाकलं. पुढे तिला मेहकरकडे चांगलं घर मिळालं, पण ते चांगलं निघालं हे तिचं नशीब. त्यात माझी काही हुशारी नव्हती.

दोन हंगामांनंतर खामगावच्या बाजारात मी कापसाची गाडी घेऊन उभा होतो. तो मुलगा समोर आला. वाळला होता. म्हणाला, "बाप आता घराबाहेर निघत नाई. आंगणातबी येत नाई. खोलीत बसून राह्यते. भरलं का तुमचं मन?"

हो म्हटलं असतं तर तो निदान हलक्या मनाने घरी गेला असता. माझ्या तोंडात शब्द आलाही होता.

"नाई," मी म्हटलं.

तो जिनिंगच्या फाटकाकडे निघून गेला. मी बैल सोडले आणि त्यांना वैरण टाकली.

गावी परतल्यावर भाभीला हे सांगायला गेलो. ती पुढ्यात कापसाचा ढीग घेऊन बसली होती. तिने सगळं ऐकून घेतलं.

"आंगणातबी येत नाई?" तिने परत विचारलं.

"नाई."

"राहू द्या मंग आतच," ती म्हणाली आणि कापूस निवडू लागली.