जामनेरच्या लेखन शिबिरात पाय ठेवण्याआधी

आणि परत म्हणू नका की शिबिरात नुसता आराम असतो! मंडळी, हे पत्र आपल्या गावच्या वाचनालयाच्या फळ्यावर लावा.

सुरतेला मी मागावर बारा तास उभा असतो. इथे तीन दिवस नुसतं बसून त्याहून जास्त दमलो. सतरंजीवर झोपायचं, आपलं ताट आपण घासायचं आणि लिहिलेलं सगळ्यांसमोर वाचायचं.

आज माझी पाळी होती. शिबिर घेणारे मास्तर म्हणाले, "भाऊ, पहिली चार पानं फाड. गोष्ट पाचव्यात सुरू होते." डोळ्यांत पाणीच आलं. तरी फाडली. मास्तर खरं बोलत होते.

पुढच्या शिबिराला माझ्या अक्काला यायचंय. माझ्यापेक्षा ती चांगलं लिहिते. आमचे आबा म्हणतात, "पोर तठे जाईसन काय करी?" बायकांची खोली वेगळी आहे, एवढं कोणी त्यांना समजावाल का? तिच्या फीचे साठ रुपये वाचनालयाच्या नावे मनिऑर्डरने पाठवतोय.