लिंबाखालचा दुकानदार

मंगरूळपिरात कुणाला दुकान विकायचं किंवा घ्यायचं असलं, की भाव ठरवायला चाचांना बोलावत. त्यांचं खरं नाव मी कधी विचारलं नाही. दर्ग्याच्या वाटेवर रोज भेटत, प्रत्येक वाक्यामागे ‘बराबर?’ म्हणत आणि उत्तराची वाट न पाहता पुढे निघून जात.

दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांत मी माझं बांगड्यांचं दुकान विकायला काढलं, तेव्हा ते आले. मी घाईघाईनं पेट्या उघडू लागलो, तर त्यांनी हातानंच थांबवलं.

“माल कोनीबी मोजते. तुमी समोर लिंबाखाली बसा, गादीवर तुमच्या भावाले बसवा. बराबर?”

मग दुकानाकडे पाठ करून ते पायरीवर बसले आणि येणाऱ्या बायकांच्या पायांकडे पाहू लागले. गादीवर मी नाही म्हणून पाय अडखळले, की दुकानाचा भाव पडणार, हे मला कळत होतं. लिंबाखाली मी सारखा उठबस करत होतो. भावाचा हात तसा राठ. इतकी वर्षं बांगड्या भरल्या त्या मीच.

पण बायका येत होत्या आणि पाय सरळ पायरी चढत होते. शेवटी आमची नेहमीची माळीण आली. ही तरी विचारील म्हणून मी मान उंच केली. तिनं भावापुढे हात केला, बांगड्या भरून घेतल्या आणि हसत खाली उतरली.

चाचा उठून माझ्याजवळ आले.

“घाबरून काहून राह्यले? दुकानाले चांगला भाव येईन. तुमाले कोनीच विचारलं नाई. बराबर?”

या वेळी मात्र ते उत्तरासाठी थांबले.