मंगळवारी मी खाली राहतो

पुण्याहून नागपुरात येऊन मी घरांची किंमत ठरवून देण्याचं काम सुरू केलं, तेव्हा माझा एक कडक नियम होता. बँकेचं कर्ज हवं असलेल्या माणसाने दिलेल्या वेळी घरी सापडायचं. नाही सापडला, तर रिकाम्या फेरीचे दहा रुपये. स्कूटर काही पाण्यावर चालत नव्हती.

सत्तरच्या दशकातल्या एका मे महिन्यात छापखान्यात खिळे जुळवणारा एकजण आला. त्याचा मालक धंदा गुंडाळत होता. एक जुनं छपाईयंत्र याला द्यायला तो तयार होता, पण दोन-तीन आठवडेच थांबणार होता. घर तारण ठेवून याला ते घ्यायचं होतं. "मंगळवारी दुपारी मी खाली राहतो साहेब, या तुम्ही," तो म्हणाला.

इतवारीतलं त्याचं दुमजली घर शोधत गेलो. खालच्या दाराला कुलूप. ओट्यावर अर्धा तास बसून डोकं तापलं. वर कूलर घरघरत होता आणि त्याचं पाणी माझ्या पायाशी टपटपत होतं. वर भाडेकरू असेल, असं मीच ठरवून टाकलं आणि परत फिरलो.

दुसऱ्या दिवशी छापखान्यात जाऊन फेरीचे पैसे मागितले, ते त्याने मुकाट्याने दिले. "माहाच डोळा लागला असन. पुढच्या मंगळवारी पक्का खाली राहतो."

पुढच्या मंगळवारी तेच कुलूप, तेच टपटपणं, पुन्हा दहा रुपये. आता मला रागापेक्षा कुतूहल जास्त वाटायला लागलं. वेळ चुकवणारे पैसे देताना थोडी तरी कुरकुर करतात. हा उलट माझीच माफी मागत होता.

तिसऱ्या मंगळवारी मी त्या पाण्याच्या मागे लागलो; कूलर चालू म्हणजे वर कुणीतरी असणार, त्यालाच विचारू म्हटलं. बोळातून घराच्या मागे वळलो, तर लोखंडी जिना. वर दाराशी खुर्ची टाकून माझा माणूस बसलेला, शेजारी पन्ह्याचं झाकलेलं भांडं.

"तुम्ही वर कसे?"

"मंग कुठी राहू? खाली भाडेकरू राहते, तो उन्हाळाभर गावाले जाते."

"पण तुम्हीच म्हणालात, मंगळवारी खाली राहतो!"

"हो ना. मंगळवारी छापखान्याले सुट्टी. दुपारभर खालीच राहतो मी. तुमचीच वाट पाहून राहिलो होतो."

खाली म्हणजे मोकळा! इथे दीड वर्ष काढूनही हा शब्द माझ्या कानावरून नुसता गेला होता. मी खो खो हसलो. तोही हसला. मग मी पिशवीतून टेप काढली, तेव्हा त्याने ती हाताने अडवली.

"राहू द्या साहेब. मशीन काल गेली. दुसऱ्यानं नेली."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी विचारलं, "मग आज थांबलात कशाला?"

त्याने पन्ह्याचा पेला माझ्यापुढे केला.

"तुमाले टाइम देला होता ना. अजून एक फेरी खाली गेली असती तुमची."