व्हर्डा होकन्सनचं ड्रिल

बेलनॅप गावात कुणाच्या अंगणात नवी स्नोमोबाइल, म्हणजे बर्फावर पळणारी गाडी, उतरली की आधी शेजारी येतात आणि मग ड्रिल घेऊन व्हर्डा होकन्सन येते. गाडी कोरी करकरीत, सीटवरचं प्लॅस्टिकसुद्धा निघालेलं नसतं, आणि ही बाई खुशाल पायपट्टीला, म्हणजे दोन्ही बाजूंना पाय ठेवायच्या पट्टीला, भोकं पाडायला बसते. मालक उलट गाडी धरून उभा राहतो. भोकं नसली तर पायपट्टीवर बर्फ साचून त्याचा दगड होतो, आणि उतारावर बूट सटकला की गाडी एकीकडे, माणूस दुसरीकडे. हे या गावात शेंबड्या पोरालाही कळतं. कंपनीच्या इंजिनियरांना कळत नाही, कारण ते सपाटीवर राहतात, असं व्हर्डाचं मत आहे.

व्हर्डा अठ्ठावन्न वर्षांची, उंची पाच फूट एक इंच. शाळेच्या बस दुरुस्त करते आणि बावीस वर्षं गावाच्या बचाव पथकात आहे. बेलनॅपच्या चर्चला कॉफी वर्ज्य, म्हणून गावात ती कुणी पीत नाही, म्हणजे चारचौघांत पीत नाही. व्हर्डा चर्चच्या पार्किंगमध्ये थर्मास उघडून पिते. एकदोघांनी तिला समजावून बघितलं होतं. त्यांनी पुन्हा तो विषय काढला नाही.

या तिरसटपणाला एक कारण आहे, आणि ते सांगायलाच हवं. सहा वर्षांपूर्वी बॉइसी शहरातून आलेला एक शिक्षक कोसळलेल्या बर्फाखाली गाडला गेला. अशा माणसाच्या हातात फार तर पंधरा मिनिटं असतात. सगळ्यात जवळ व्हर्डा होती. वाटेत उभ्या उतारावर तिची गाडी डोंगराकडच्या, उजव्या कुशीवर कलली आणि बंद पडली. सुरू करायची दोरी उजवीकडेच, बर्फाच्या आत. बटणानं सुरू व्हायची सोय कंपनीनं वजन वाचवायला काढून टाकलेली. हातांनी उकरून दोरी सापडेपर्यंत नऊ मिनिटं गेली. शिक्षक मिळाला तेव्हा अंग गरम होतं, श्वास नव्हता. व्हर्डा रडली नाही. तिला राग आला, आणि तो अजून गेलेला नाही.

आठवड्याभरात तिनं ती दोरी एका लहान कप्पीवरून फिरवून हँडलच्या मधोमध आणली, दोन्ही बाजूंनी ओढता येईल अशी. दर वसंतात कंपनीला चित्र काढून पत्र पाठवलं. उत्तरादाखल कंपनीकडून दर वर्षी जाहिरातीची एक टोपी आली.

यंदा जानेवारीत त्याच कंपनीनं पथकाला सहा नव्या गाड्या भेट दिल्या, दोरी अजूनही उजवीकडेच. घेऊन आला कंपनीचा माणूस प्रेस्टन कॉयल, दात पांढरे आणि बूट त्याहून पांढरे. अट एकच: गाडीला काही करायचं नाही; एक भोक पाडलं की वॉरंटी संपली. पथकाचा प्रमुख लव्हार बॅग्ली लगेच कबूल झाला आणि वर म्हणाला, आता पथकात याच गाड्या चालतील, घरच्या बंद. त्याच्या घरच्या गाडीची भोकं व्हर्डानंच पाडलेली होती, बरं का.

डोंगराच्या पायथ्याशी सराव होता. राजमा-खिम्याची चिली आणि दालचिनीचे रोल खाता खाता कॉयलनं विचारलं, "पुढच्या वर्षी काय सुधारणा हव्यात तुम्हाला?"

एक म्हणाला ताकद वाढवा, दुसरा म्हणाला गाडीखालचा रबरी पट्टा लांब करा, तिसऱ्याला मोठी स्क्रीन हवी होती.

"स्क्रीन?" व्हर्डा म्हणाली. "गाडलेला माणूस काय टीव्हीवर शोधणार आहेस का रे?"

सगळे हसले. ती हसली नाही.

"लव्हार, ही फुकटातली गाडी घे, त्या उतारावर जा, उजवीकडे आडवी कर आणि बंद कर. मग सुरू करून दाखव. मी घड्याळ लावते."

"आत्ता? जेवताना?"

"बर्फ तुझं जेवण बघून कोसळतो वाटतं?"

लव्हार चरफडत गेला. सव्वासहा फुटी माणूस, गुडघ्यांवर बसून कुत्र्यानं उकरावं तसा बर्फ उकरत राहिला. इंजिन सुरू व्हायला सात मिनिटं चाळीस सेकंद गेली. खाली येताना बूट सटकला आणि शेवटचा उतार तो बसूनच उतरला. या वेळी कुणीच हसलं नाही.

"बाई, असा प्रसंग काही रोज येत नाही," कॉयल म्हणाला.

"मला एकदा आलाय. तुम्हाला अजून किती माणसं हवीत?"

लव्हार अंगावरचा बर्फ झटकत म्हणाला, "बरं, व्हर्डा. तुझ्यापुरती सूट. तू तुझीच गाडी आण."

"मला सूट नको. उद्या मीच गाडले गेले तर मला काढायला तू येणार, या डबड्यावर बसून. सहाही गाड्या बदलायच्या, नाहीतर हे घे."

तिनं पथकाचं केशरी जॅकेट काढलं आणि नव्या गाडीच्या सीटवर ठेवलं. थंडी उणे बारा. बावीस वर्षांत तिला त्या जॅकेटएवढा दुसऱ्या कशाचाही अभिमान वाटला नव्हता, आणि लव्हार ते खरंच उचलेल अशी तिला भीती होती. तरी ती ताठ उभी राहिली.

लव्हारनं जॅकेट उचललं.

"चला, मिटलं तर," कॉयल म्हणाला.

लव्हारनं ते जॅकेट त्याच्या हातात दिलं. "जरा धरा." मग व्हर्डाच्या ट्रककडे गेला, मागच्या फळीवरचं ड्रिल घेऊन आला, गाडीपाशी बसला आणि पायपट्टीला आरपार भोक पाडलं.

"गेली तुमची वॉरंटी!" कॉयल ओरडला.

"एका भोकात गेली ना?" व्हर्डानं त्याच्या हातातून आपलं जॅकेट ओढून घेतलं. "मग बाकीची भोकं फुकट. आणि लव्हार, सरक तिकडे. वाकडं पाडलंयस."