पूजेतला पाना

गाडीचे ब्रेक पॅड घरच्या घरी बदलता येतात, हे मी सिद्ध केलं आहे. तेव्हापासून घरात मला कोणी बल्बही बदलू देत नाही.

गाडी आमची एकोणीस वर्षांची. खंडेनवमीला सुट्टी होती, म्हणून कोथरूडला सोसायटीच्या पार्किंगमध्ये पुढची दोन्ही चाकं काढली, पॅड बदलले. (पाच व्हिडिओ पाहून. त्यातले तीन दुसऱ्याच गाडीचे निघाले.) उजव्या चाकाचे नट आवळले, डाव्याचे हाताने फिरवून बसवले, जॅक काढला, तेवढ्यात आई खाली आली आणि तिने माझ्या हातातला पानाच काढून घेतला.

"आज हत्यारांची पूजा. दे इकडे."

"आई, दोनच मिनिटं."

"देवाला थांबायला सांगू?"

वर गेलो तर पाना पाटावर, विळी आणि कात्रीच्या मधोमध, हळदकुंकू लावून, डोक्यावर झेंडू. "उद्यापर्यंत हात लावायचा नाही," आई म्हणाली. मग श्रीखंड झालं, श्रीखंडावर झोप झाली, आणि उठल्यावर मला एवढंच आठवत होतं, की काम झालंय.

दसऱ्याला आईला हडपसरच्या पुढे मांजरीला जायचं होतं, मावशीला सोनं द्यायला. मावशी अंथरुणाला खिळलेली. "यंदा चुकवायचं नाही रे," आई चार दिवस म्हणत होती. ती पुढे बसली, मांडीवर आपट्याची पानं. बायको मागे.

सोलापूर रस्त्याला वेग पन्नासवर गेला आणि स्टिअरिंग थरथरायला लागलं.

"रस्ता खराब आहे," मी म्हणालो.

"शेजारच्या रिक्षाला कुणी कळवलेलं दिसत नाही," मागून बायको.

"मग बॅलन्सिंग गेलं असेल. परवा तू खड्ड्यात घातलीस ना!" (हे वाक्य मी मागे घेतलं आहे. आतापर्यंत तीनदा.)

साठला आईची कवळी वाजू लागली.

"माझ्या वजनाने तर होत नाही ना रे?" तिने अपराधी आवाजात विचारलं.

चाळीस किलोची बाई. आणि मी म्हणालो, "मागे बसून बघ जरा."

ती बिचारी मागे बसली. थरथर वाढली.

हडपसरला एक गॅरेज दिसलं. मालक जॅकला हार घालत होता.

"आज हत्यार उचलणार नाही, साहेब."

"नुसतं बघा तरी."

तो वाकला आणि डाव्या चाकाचा नट दोन बोटांनी गरगर फिरवला.

"हत्यार लागणारच नाही. हे कुणी आवळले?"

मागून आई म्हणाली, "माझंच चुकलं हो. पाना मी घेतला होता."

एवढी लाज मला दहावीच्या निकालालाही वाटली नव्हती. मालकाने देवाला हात जोडले, पूजेतला स्वतःचा पाना उचलला आणि नट आवळले. मावशीला सोनं मिळालं. थरथरत होतो तो आता फक्त मी.

आमचा पाना मात्र तेव्हापासून देवघरातच आहे. गाडीला हात लावायची परवानगी मी अधूनमधून देवाकडे मागतो. देवाने अजून होकार दिलेला नाही. त्याच्या जागी मी असतो, तर मीही दिला नसता.