रामकिसनची वायर गुणगुणते

रामकिसनला एका जागी बसवणं म्हणजे चाळणीत पाणी धरणं. जेवताना उठायचा, दाराची कडी बघून यायचा, परत बसायचा, भाकरीचा एक तुकडा मोडला की परत उठायचा. आशाबाई म्हणायची, देवानं ह्यांच्या पायाला चाकं लावली अन् ब्रेक लावायचा राहून गेला. कन्नडकडच्या गावातून तो शहरात आला, वाळूजला एका कंपनीत गाड्यांच्या वायरिंगला लागला, हर्सूलच्या पुढं प्लॉट घेऊन दोन खोल्या बांधल्या, पण जीव काही थाऱ्यावर नाय.

शांत बसायचा तो फक्त तानपुऱ्याची रेकॉर्ड लागल्यावर. भंगारातून आणलेला अँप्लिफायर त्यानं स्वतः दुरुस्त केला होता, रेकॉर्ड प्लेअर जुन्या बाजारातून उचललेला. आणि ह्या दोघांच्या मधली जी हातभर वायर असते ना, आवाज इकडून तिकडं नेणारी, जिच्याकडं कुणी ढुंकून पण बघत नाही, तिच्यावर ह्याचा जीव जडला. परदेशी वायरची जोडी घ्यायची तर बैलजोडी विकावी लागेल असले भाव. मग रामकिसननं स्वतःच बनवली. तांब्याच्या बारीक तारा, वरून सुती दोऱ्याचा वेढा, त्यावर पातळ जाळी, टोकाला पिना. त्या वायरीतून तानपुरा असा यायचा की तारेवरची जवारी, ती झंकाराची किनार, अंगावर सांडतेय असं वाटायचं, आणि दोन छेडांच्या मधे काहीच नाही. नुसती शांतता. हा माणूस त्या शांततेवर लई खूश असायचा. सगळ्यांना सांगायचा, ही माझ्या सोल्डरिंगची करामत आहे.

गल्लीतल्या तात्यासाहेबांनी, ते कलेक्टर ऑफिसातून रिटायर झालेले, एक जोडी हौसेनं घेतली. त्यांच्याकडं ती ऐकली हिमांशूनं. हिमांशूचं जालना रोडवर म्युझिक सिस्टीमचं नवं दुकान, काचेचं, आत ऐकायला वेगळी खोली. नवे फ्लॅट घेतलेली मंडळी तिथं येऊन डोळे मिटून बसायची. त्यानं निरोप धाडला की रविवारी तुमच्या घरी येतो, तुमच्याच सेटवर ऐकतो, पटली तर दुकानात ठेवतो. तुमच्या नावानं.

नावानं म्हटल्यावर रामकिसनची झोपच उडाली. इतकी वर्षं त्यानं ज्या वायरी बांधल्या त्या सगळ्या गाड्यांच्या पोटात गेल्या. कुणाला माहीत, कोणाच्या हातच्या. आता काचेमागं पाटी लागणार होती.

आणि नेमकी त्याच आठवड्यात वायर गुणगुणायला लागली.

दोन हजार सोळाचा उन्हाळा होता तो. हर्सूल तलावात पोरं क्रिकेट खेळत होती. जायकवाडीत गाळ दिसत होता म्हणे. शहर मात्र सावंगीपर्यंत सुसाट चाललेलं, रोज नवा स्लॅब पडत होता, फक्त नळाची पाइपलाइन काही त्याच्या मागं येत नव्हती. टँकर कधी येईल ते टँकरवाल्यालाच माहीत. सगळी गल्ली ड्रम मांडून बसलेली. त्यात ह्याच्या घरात स्पीकरमधून एकसारखं घुंऽऽ. माशी कोंडल्यासारखं.

रामकिसननं वायर काढली, जाळीवर दुसरी जाळी चढवली. घुंऽऽ. तिसरी चढवली. घुंऽऽ. मग नवीच जोडी करायला घेतली, जाड, तिहेरी, अन् पिना कमी पडल्या म्हणून आधीची चांगली जोडी कापून तिच्या पिना काढल्या. आशाबाई म्हणाली सुद्धा, की अहो ती कशाला कापताय, ती तर गात होती. पण ऐकतो कोण. घरभर सोल्डरचा धूर. कंपनीत खाडा झाला. नवी जोडी लावली तर तीही घुंऽऽ, वर ह्याच्या डोक्यात पण घुंऽऽ.

शनिवारी दुपारी तो वैतागून घरामागं जाऊन उभा राहिला. तिथं भिंतीलगत अर्थिंगचा खड्डा. घर बांधताना त्यानं स्वतः मीठ-कोळसा भरून बुजवलेला. बघतो तर खड्ड्यावरची माती भेगाळलेली, भाजलेल्या विटेसारखी. त्याला घामच फुटला. उन्हाळ्यात अर्थिंगला पाणी घालावं लागतं, माती सुकली की सेट गुणगुणतो, हे कुठल्याही वायरमनला ठाऊक असतं, अन् ह्यानं एकदा पण घातलं नव्हतं. मग इतकी वर्षं चाललं कसं?

आशाबाईला विचारलं. ती तांदूळ निवडत होती. वर न बघता म्हणाली, भांड्यांचं पाणी मी तिथंच तर फेकायची रोज. यंदा फेकत नाय. यंदा ते संडासला लागतं.

झालं. म्हणजे ती शांतता ह्याच्या सोल्डरिंगची नव्हतीच. ती आशाबाईच्या भांड्यांच्या पाण्याची होती! जगाला मिरवून सांगितलेली करामत, अन् ती घडत होती मागच्या दारी, राखेनं भांडी घासता घासता. रामकिसन बसला, उठला, बसला. आशाबाई दुकानात गेली तसा त्यानं पिंपातलं पाणी बादलीत घेतलं, प्यायचं पाणी हां, आणि खड्ड्यात ओतलं. मग आणखी एक बादली. जमीन चर्रर्र करून पीत गेली.

शेजारची गीताबाई गच्चीवर पापड वाळत घालत होती. तिथनंच म्हणाली, "रामकिसनभाऊ, काय पेरलंय तिथं?"

ह्यानं आत येऊन सेट लावला. घुंऽऽ गेलं होतं. तो रडायच्या बेताला आला, खरंच. पण आशाबाई घरात यायच्या आधीच गीताबाईनं तिला गच्चीवरून सगळं सांगितलं होतं. आशाबाई ओरडली असती तर बरं झालं असतं. तिनं पिंपात वाकून पाहिलं, झाकण ठेवलं, आणि रात्री मीठच घातलं नाही वरणात. तहान लागायला नको म्हणून.

रविवारी सकाळी घुंऽऽ परत आलं. तापलेल्या जमिनीनं ते पाणी कधीच गिळलं होतं.

घरात एक हंडा उरला होता. रामकिसननं हंड्याकडं पाहिलं, मग दाराकडं. हिमांशू निघाला होता, फोन आला होता. आशाबाईनंच हंडा उचलून त्याच्यापुढं ठेवला.

"घ्या, ओता. फक्त पाहुण्यापुढं तांब्या रिकामा कसा ठेवायचा ते तुम्हीच सांगा. मला नाय जमायचं."

त्यानं हंडा परत जागेवर नेऊन ठेवला. उभ्या आयुष्यात बहुतेक पहिल्यांदाच हातात आलेली गोष्ट त्यानं केली नाही.

हिमांशू आला. पाणी प्यायला, अर्धाच पेला घेतला, बाकीचं राहू द्या काकू म्हणाला. मग सेट लागला अन् घुंऽऽ. रामकिसननं खड्डा, दुष्काळ, भांड्यांचं पाणी सगळं एका दमात सांगितलं. हिमांशू भला पोरगा, मान डोलवत होता, पण चेहऱ्यावर दिसत होतं की असली कारणं त्यानं खूप ऐकलीत. पाऊस झाल्यावर बघू काका, असं म्हणून तो उठला.

पाऊस! रामकिसनला पाच मिनिटं थांबवत नव्हतं तिथं पाऊस! त्यानं सेट बंद करून वायरी उपटल्या, चपला न घालता हिमांशूच्या गाडीत जाऊन बसला अन् म्हणाला आत्ताच चला, तुमच्या दुकानात लावून बघू.

तिथं घुंऽऽ नव्हतं. नव्या बिल्डिंगचं अर्थिंग पक्कं. तानपुरा लागला, हिमांशूनं डोळे मिटले, आणि रामकिसनचा चेहरा उतरत गेला. त्यालाच आधी कळलं. जवारी कुठंय? तानपुरा गोधडीखाली वाजत होता. जाळीवर जाळी चढवून त्यानं गुणगुण तर घालवली नव्हतीच, वर आवाजाचं तोंड दाबून टाकलं होतं.

"तात्यासाहेबांकडं ऐकली ती अशी नव्हती," हिमांशू म्हणाला.

"नव्हती. तशीच एक माझ्याकडं होती."

"मग?"

"कापली मी."

हिमांशू हसला नाही हे त्याचे उपकार. म्हणाला, काका, तशीच परत करा. आणि करून झाली की तिला हात लावू नका, डायरेक्ट घेऊन या.

रामकिसननं केली. तांबं, सुती दोरा, एकच पातळ जाळी. शेवटची पिन थंड झाली अन् ह्याचे हात शिवशिवायला लागले. टोकाशी अजून थोडं सोल्डर दिलं तर? जाळी जरा ताणली तर? त्यानं सोल्डरिंगचा आयर्न परत तापत ठेवला. आशाबाईनं ते पाहिलं. तिनं जोडी पदरात गुंडाळली, चप्पल पायात घातली, म्हणाली मी देऊन येते, तुम्ही टँकरला थांबा. आणि गेली बसला. जालना रोडला ती आधी एकदाच गेली होती, लग्नाच्या साड्या घ्यायला.

रामकिसन हंडा घेऊन रांगेत उभा राहिला. टँकर आला नव्हता अजून. तो हंडा तिथंच ठेवून कोपऱ्यापर्यंत बस बघून आला. परत आला. परत गेला. गीताबाई म्हणाली, भाऊ, एक तर पाण्याची वाट बघा नाय तर बायकोची. तो गेला तो थेट स्टॉपवर, अन् उन्हात उभा राहिला.

तिसऱ्या का चौथ्या बसमधून आशाबाई उतरली. रिकाम्या हातानं.

"काय म्हणला?"

"काही नाय म्हणला."

"आवडली का नाय?"

"मला काय कळतं त्यातलं. त्यानं लावली, डोळे मिटून बसला. एक गिऱ्हाईक आलं तर त्याला हातानंच थांब म्हणला. मी येते म्हणाले तरी बसलेलाच." ती घाम पुसत म्हणाली, "निघताना तिथल्या पोरीनं तुमचं नाव कसं लिहायचं ते विचारलं. पूर्ण नाव."

रामकिसननं भांड्यांच्या पाण्याबद्दल काहीतरी सांगायला तोंड उघडलं.

"अन् पाणी भरलं का?" आशाबाईनं विचारलं.

त्यानं वळून पाहिलं. टँकर रिकामा होत आला होता, ड्रायव्हर पाइप गुंडाळत होता, अन् ह्यांचा हंडा रांगेच्या बाहेर आडवा पडलेला. रामकिसन अनवाणी धावत सुटला. मागून आशाबाई पण पदर खोचून धावली, ड्रायव्हरला ओरडून थांब म्हणत, आणि धावता धावता तिला हसू आवरेना.