इन्फ्रारेडच्या डब्याचं पुस्तक

नागपूरजवळच्या कळमेश्वरच्या कारखान्यात मी लागले ती टायपिस्ट म्हणून. बी.एस्सी. झाले होते, तेही भौतिकशास्त्र घेऊन, पण बी.एड.ला नंबर लागला नाही आणि घरी बसून राहायची माझी तयारी नव्हती. वडिलांनी हातमाग केव्हाच मोडीत काढून इतवारीत कापडाच्या दुकानात नोकरी धरली होती. घरातली मी पहिली पदवीधर. टायपिंगच्या परीक्षेत माझी एकही चूक निघाली नव्हती, आणि खरं सांगायचं तर पदवीपेक्षा मला त्याचाच अभिमान जास्त होता.

कारखाना म्हणजे औद्योगिक वसाहतीतली एक पत्र्याची शेड. आम्ही बाराजण. पंख्याचे आणि दिव्याचे रिमोट तिथे बनत. ऐंशीचं दशक अर्ध्याच्या पुढे सरकलं होतं. रंगीत टीव्ही यायला लागले होते, आणि ज्याच्या टीव्हीला रिमोट असे त्याच्याकडे शेजारीपाजारी नुसता तो बघायला जात. रिमोटमधून निघणारा इन्फ्रारेड प्रकाश डोळ्यांना दिसत नाही, त्यामुळे खोलीच्या या टोकाला बटण दाबलं आणि त्या टोकाला टीव्ही लागला, की भल्याभल्यांना जादू वाटे.

आमच्या इंजिनिअर साहेबांनी त्याच्याही पुढची गोष्ट केली होती. कम्प्युटरला वायरने जोडायचा एक डबा. त्याच्यासमोर कुठलाही रिमोट धरून बटण दाबलं की डबा तो संकेत शिकून घेई, आणि नंतर कम्प्युटरने सांगितलं की तोच संकेत स्वतः सोडी. म्हणजे माणसाने हात न लावता कम्प्युटर टीव्ही लावू शकत होता. डब्यासोबत एक फ्लॉपी असे. तिच्यात साहेबांनी लिहिलेल्या अकरा आज्ञा होत्या. दुसऱ्या कुणाला आपल्या प्रोग्राममधून डब्याला काम सांगायचं असेल, तर या अकरा आज्ञांतूनच सांगायचं.

पहिला डबा धंतोलीतल्या एका दवाखान्यात गेला. ज्यांचे हातपाय चालत नाहीत अशा पेशंटसाठी तिथल्या डॉक्टरांना सोय करायची होती. पडद्यावर टीव्ही, पंखा, दिवा अशी नावं एकामागून एक उजळणार. हवं ते नाव उजळलं की पेशंटने गालाशी बसवलेलं बटण दाबायचं. तो प्रोग्राम लिहायला त्यांनी एक मुलगी ठेवली होती. तीन आठवड्यांत डबा आमच्याकडे परत आला. सोबत त्या मुलीची चिठ्ठी: "डबा चांगलाच असेल. पण याच्याशी बोलायचं कसं हे कुठेच लिहिलेलं नाही. शिवाय टीव्ही एकदा लागतो, मग काही केल्या बंद होत नाही."

मालकांनी साहेबांना बोलावलं. "काहून गा, लिहून नाही दिलं?"

"दिलं ना. दीड पान आहे फ्लॉपीवर. समजणाऱ्याले तेवढं पुष्कळ झालं."

"तिले नाही समजलं ना पण. डबा वापस आला." मालक माझ्याकडे वळले. "बाई, साहेब सांगतील तसं पुस्तक टाइप करा. चांगलं बाइंडिंग करून देऊ."

साहेब खुर्चीत मागे रेलून सांगू लागले आणि मी टाइप करू लागले. पहिलं वाक्य होतं, 'आधी डबा तयार करावा, मग आज्ञा पाठवावी.' माझी बोटं थांबली.

"सर, तयार करावा म्हणजे काय करावं?"

"पहिली आज्ञा द्यायची. समजतेच ते."

"आणि डबा तयार झाला हे कळणार कसं?"

"शून्य येते वापस."

"आणि नाही झाला तर?"

साहेबांनी छताकडे पाहिलं. "नाही काहून होईन?"

तेव्हा मला स्वच्छ कळलं की साहेबांच्या डोक्यात पुस्तक नाही, डबाच आहे. त्यांना प्रत्येक आज्ञा पाठ होती, म्हणून ती दुसऱ्याला माहीत नसेल असं त्यांना सुचतच नव्हतं. मी धीर करून म्हटलं, "सर, मला डबा, कम्प्युटर आणि फ्लॉपी द्या. मी स्वतः करून बघते आणि जे होईल ते लिहिते. तुम्ही फक्त तपासा."

त्यांना डिक्टेशनचा कंटाळाच आला होता. "घ्या," म्हणाले, "जाळू नका म्हणजे झालं."

शेडच्या कोपऱ्यात, कूलरच्या बाजूला, मला टेबल मिळालं. मी प्रत्येक आज्ञेसाठी वहीचं एक पान घेतलं आणि पानावर चार प्रश्न लिहिले. ही काय करते? हिच्या आधी काय झालेलं पाहिजे? उत्तर काय येतं? आणि काय चुकू शकतं? पुस्तक इंग्रजीतच होणार होतं, पण वहीत मी मराठीत लिहिलं, कारण मराठीत मला स्वतःला फसवता येत नसे. इंग्रजीत न समजलेली गोष्टसुद्धा दोन भारी शब्द टाकले की समजल्यासारखी दिसते.

मी नियम केला की मशीनवर स्वतः करून पाहिल्याशिवाय एक वाक्यही लिहायचं नाही. त्या नियमाने पहिल्या आठवड्यातच फळ दिलं. शून्य परत येतं म्हणजे सगळं ठीक, असं साहेब म्हणत. पण वायर काढून टाकली तरी तिसरी आज्ञा खुशाल शून्य देत होती. जुना संकेत न पुसता नवा शिकवला तर दोन्हींची खिचडी होत होती. आणि दुपारी तीन वाजता, खिडकीतून ऊन थेट डब्यावर आलं की तो काहीच शिकत नव्हता, कारण नागपूरच्या उन्हात इन्फ्रारेडचा नुसता पूर असतो. मी हे सगळं 'काय चुकू शकतं' खाली लिहिलं. साहेबांना ते आवडलं नाही.

"आपल्याच मालाची खोड काहून लिहून राहिल्या? गिऱ्हाईक भिऊन जाईन."

"न लिहिल्यामुळेच परत आला ना सर?"

दुसऱ्या दिवशी तिसऱ्या आज्ञेतली चूक साहेबांनी दुरुस्त करून आणली.

टीव्हीचं कोडं मात्र सुटत नव्हतं. आमचे स्वतःचे दिवे-पंखे डबा हवे तितक्या वेळा लावी-बंद करी. टीव्ही तेवढा एकदा लागे आणि मग हट्टाने लागलेलाच राही. मालकांनी घरचा टीव्ही कारखान्यात आणून ठेवला होता, म्हणून त्यांच्या घरचे तो कधी परत येणार असं रोज विचारत होते ते वेगळंच. साहेबांनी डब्यातला एकेक भाग बदलून पाहिला. महिना त्यात गेला.

माझं पुस्तक तोवर उदाहरणांवर आलं होतं. टीव्ही लावायचं आणि बंद करायचं बटण एकच होतं. ते डब्याला शिकवलं की प्रिंटरवर त्याचा संकेत उमटे, एक आणि शून्य यांची एक ओळ. ती ओळ मी उदाहरण म्हणून टाइप केली. दुसऱ्या दिवशी नियमाप्रमाणे पुन्हा करून पाहिलं, तर पुस्तकात एका जागी एक होता आणि प्रिंटरवर शून्य. माझी टायपिंगची चूक! मला इतकी लाज वाटली की कुणी बघायच्या आत मी खोडून दुरुस्त केलं. तिसऱ्या दिवशी पुन्हा तपासलं, तर त्याच जागी परत एक.

आता माझा संताप झाला. एकदा चूक मान्य केली असती, पण तीच चूक उलटसुलट करणारी मी नव्हते. मी रिमोट घेतला आणि दर वेळी जुना संकेत पुसून तेच बटण चाळीस वेळा दाबलं. प्रिंटर चाळीस ओळी ओकला. कागद टेबलावर पसरून मी पट्टी लावून एकेक ओळ बघत गेले. एक, शून्य, एक, शून्य. बाकी सगळं जसंच्या तसं. ती एकच जागा प्रत्येक दाबण्याला पालटत होती. एकदाही चुकली नव्हती.

मी कागद घेऊन साहेबांकडे गेले. त्यांनी वर न बघता म्हटलं, "टायपिंग मिस्टेक असंन."

"सर, माझी टायपिंगची चूक नसते. आणि हा प्रिंटर आहे."

त्यांनी कागद घेतला. पट्टी मागितली. मग रिमोट घेऊन स्वतः दाबू लागले, एकदा, दोनदा, दहादा. खाली ठेवला तेव्हा त्यांचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता.

"अरे बापरे! हे तं बोट उचलल्याची खूण आहे, बाई. माणूस बटण दाबून ठेवते का परत दाबते, टीव्हीले कसं समजंन? दर वेळी ही जागा बदलते. आपला डबा तोच संकेत परत पाठवून राहिला, आणि टीव्ही म्हणते, बोट अजून उचललंच नाही! आपल्या पंख्या-दिव्याच्या रिमोटात ही खूणच नाही, म्हणून ते चालून राहिले!"

मग ते इतके मोठ्याने हसले की सोल्डरिंग करणारे सगळे उठून आले. साहेबांनी तो कागद सगळ्यांना दाखवला आणि माझ्याकडे बोट करून म्हणाले, "मी महिनाभर पार्ट बदलून राहिलो. हिनं पकडलं!" पत्र्याच्या त्या शेडमध्ये, कूलरच्या घरघरीत, मला आपण दोन वीत उंच झाल्यासारखं वाटलं.

पुढचं सोपं होतं. डब्याने प्रत्येक बटण दोनदा शिकायचं आणि ते दोन्ही संकेत पाळीपाळीने पाठवायचे. साहेबांनी त्यासाठी बारावी आज्ञा लिहिली, मी तिचं पान लिहिलं, आणि अठ्ठेचाळीस पानांचं पुस्तक बाइंडिंग होऊन आलं.

ते आणि डबा घेऊन साहेब आणि मी धंतोलीला गेलो. प्रोग्रामर मुलगी माझ्याच वयाची होती, दोन वेण्या, चष्मा, आणि फार कडक. तिने आम्हाला भिंतीशी दोन खुर्च्या दिल्या. "तुम्ही दोघांनी काही सांगायचं नाही. तुम्ही रोज थोडेच येणार आहात? पुस्तकात असेल तेवढंच मी करीन."

खोलीत पारशिवनीकडचे एक गुरुजी होते. घरावरचे कवेलू, म्हणजे कौलं, फेरताना ते छपरावरून पडले आणि मानेखालचं सगळं शरीर लुळं पडलं. उशाशी त्यांची बायको बसली होती.

मुलगी पान उलटी, टाइप करी, पान उलटी. एकदा साहेबांनी तोंड उघडलं तर तिने न वळता नुसतं बोट वर केलं. दिवा लागला. पंखा लागला. मग टीव्हीचं बटण शिकवायला गेली तर डबा ढिम्म. तिने आज्ञा पुन्हा दिली, पुन्हा तेच. मग तिने मागे जाऊन 'काय चुकू शकतं' वाचलं, मान वर करून खिडकीकडे पाहिलं, उठली आणि पडदा ओढला. डबा शिकला. मी श्वास सोडला तो साहेबांनाही ऐकू गेला असावा.

अर्ध्या तासाने ती म्हणाली, "गुरुजी, दाबा."

गुरुजींनी गाल बटणाला टेकवला. टीव्ही लागला. खोलीत कुणी हललं नाही. इथवर तर आधीही झालं होतं. त्यांनी पुन्हा दाबलं. टीव्ही बंद झाला. पुन्हा लागला. पुन्हा बंद. गुरुजींच्या घशातून जो आवाज निघाला तो हसण्याचा होता हे कळायला आम्हाला क्षणभर वेळ लागला.

"आता पुरे करा ना," बायको पदराने डोळे पुसत म्हणाली. "बिघडून जाईन तो."

"मी करून राहिलो ना वं, करू दे मले! सहा महिन्यांत पहिल्यांदा काही करून राहिलो."

आणि त्यांनी पंखा लावला, बंद केला, दिवा लावला, आणि भर दुपारी तो तसाच ठेवला. वॉर्डातल्या नर्स दारात गोळा झाल्या. त्या कडक मुलीने पुस्तक मिटून छातीशी धरलं. "हे कोणी लिहिलं?" तिने साहेबांना विचारलं.

"यांनी," साहेब म्हणाले. "मी फक्त डबा बनवला."

दवाखान्याने आणखी चार डबे मागवले, आणि प्रत्येकासोबत पुस्तक पाहिजेच, असं पत्रात लिहिलं. घरी मी एक प्रत नेली. वडिलांना इंग्रजी येत नव्हतं, पण त्यांनी प्रत्येक पान सावकाश उलटून पाहिलं आणि विचारलं, "हे सगळं तुले येते?" मी हो म्हटलं. त्यांनी दुसऱ्या दिवशी ती प्रत दुकानात नेली आणि आलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला दाखवली.

पावसाळा संपता संपता साहेब माझ्या टेबलाशी आले. हातात कोऱ्या कागदांचा गठ्ठा होता. नवा डबा करायचा होता, एका वेळी आठ खोल्या सांभाळणारा. प्रोग्रामची एक ओळही अजून लिहिली नव्हती.

"पहिले तुम्ही पुस्तक लिहा," ते खुर्ची ओढून बसत म्हणाले. "आज्ञा कोणत्या पाहिजेत, उत्तर काय यावं, सगळं. मग मी त्याच्याबरहुकूम प्रोग्राम लिहितो."

मी टाइपरायटर बाजूला सरकवला आणि पहिल्या कागदावर माझ्या चारांपैकी पहिला प्रश्न लिहिला: ही काय करते?